बेटांवरचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालदीवला फिरून आलेल्या एका मित्राने विचारलं, "तिथे कुणाला कॅन्सर झाला तर तो माणूस जातो कुठे?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला तासभर लागला. त्यानंतर वेगवेगळ्या लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींना चार ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत.

छोटी बेट राष्ट्रं म्हणजे नेमकी कोणती?

१९९२ च्या रिओ परिषदेत 'विकसनशील छोटी बेट राष्ट्रं' असा वेगळा गट मान्य झाला. आज त्यात चाळीसच्या आसपास देश आहेत. कॅरिबियनमध्ये बार्बाडोस, जमैका, बहामाज. प्रशांत महासागरात फिजी, सामोआ, तुवालू, किरिबाटी, पलाऊ. आपल्या बाजूला मालदीव, सेशेल्स, मॉरिशस. गंमत म्हणजे गयाना आणि सुरिनाम हे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे देशही या यादीत आहेत आणि श्रीमंत सिंगापूरही आहे. आइसलंड यादीत नाही, पण खाली त्याचं नाव येईल, कारण बेट छोटं असूनही काय करता येतं हे तिथे दिसतं.

एवढीशी लोकसंख्या, मग वेगळा अभ्यास कशाला?

कारण या देशांची सरासरी काढली की काहीच हाती लागत नाही. कॅरिबियनमधल्या बहुतेक देशांत कॅन्सरने मरणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर पहिला असतो. फिजी, व्हानुआतू, सॉलोमन बेटं, पापुआ न्यू गिनी या पट्ट्यात गर्भाशयमुखाचा कॅन्सर बायकांना गाठतो आणि त्यातल्या काही भागांत तोंडाचा कॅन्सरही जोरात आहे. सामोआच्या बाजूला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त, कारण लठ्ठपणा. किरिबाटी आणि नाउरू जगातल्या सर्वाधिक धूम्रपान करणाऱ्या देशांत मोडतात, तेव्हा तिथे फुप्फुसाचं काय होणार हे सांगायला नको. हेपटायटिस बी जिथे पिढ्यान्‌पिढ्या आईकडून बाळाला जात राहिला, तिथे यकृताचा कॅन्सर.

म्हणजे 'बेटांवरचा कॅन्सर' असा एक आजार नाही. समान आहे ती अडचण: माणसं थोडी, अंतर फार, आणि तपासणारा डॉक्टर बहुधा दुसऱ्या बेटावर.

तिथले आकडे कितपत खरे मानायचे?

जपून. नियूए या देशात दोन हजारांहूनही कमी लोक राहतात. धरा १७०० माणसं आहेत आणि एखाद्या वर्षी एका प्रकारच्या कॅन्सरचे ३ रुग्ण सापडले. कॅन्सरचे दर लाखामागे सांगायची पद्धत आहे, तेव्हा हा दर झाला लाखामागे १७६. पुढच्या वर्षी एकच रुग्ण सापडला, तर दर ५९. पेपरात मथळा येईल: 'कॅन्सर दोन तृतीयांशाने घटला.' घडलं काय, तर दोन माणसं कमी आजारी पडली. म्हणून अशा देशांचे आकडे पाच-पाच, दहा-दहा वर्षांचे एकत्र करून वाचायचे असतात. शिवाय बरेच तरुण कामासाठी ऑकलंड-सिडनीला गेलेले, मागे उरलेली लोकसंख्या म्हातारी, त्यामुळे वयाचा हिशेब बसवल्याशिवाय दोन देशांची तुलना करताच येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जिथे कॅन्सरची नोंदणीच नाही, तिथल्या जागतिक तक्त्यातला आकडा शेजारच्या देशांवरून अंदाजाने भरलेला असतो. तक्ता बघणाऱ्याला ते कळत नाही. दशांश चिन्हासकट छापलेला आकडा पाहिला की माणसाचा विश्वास बसतोच.

नोंदणीचं काम काय असतं हे पाहायचं तर बार्शीला जावं. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पेशंट दवाखान्यात येईल आणि मग नोंद होईल, अशी वाट बघत बसलं असतं तर रजिस्टर कोरं राहिलं असतं. म्हणून नोंदणीचे लोक गावोगाव फिरले, जाणत्या माणसांना भेटले, कुणाला गाठ आहे, कुणाचं अंगावरून जातंय, गेल्या वर्षी कोण वारलं हे विचारत राहिले. विखुरलेल्या बेटांवर करायचं कामही याच जातीचं, फक्त एसटीच्या जागी होडी. अमेरिकेशी जोडलेल्या प्रशांतातल्या बेटांची एकत्र नोंदणी ग्वाममधून चालते, आणि कॅरिबियन देशांच्या नोंदण्यांना हात देणारं केंद्र त्रिनिदादमध्ये आहे. स्वतंत्र विभाग चालवणं एकेका देशाला परवडत नाही.

सुपारीने खरंच कॅन्सर होतो? तंबाखू नसली तरी?

हो. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा बहुधा कोकणातला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, नुसत्या सुपारीला, माणसात निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याआधी १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या विड्यावर तो शिक्का बसलाच होता. 'आम्ही तंबाखू घेत नाही, फक्त खांड' हे समाधान तेव्हाच संपलं. ती श्रीवर्धनची रोठा असली तरी.

बेटांवर सुपारी खाण्याच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. पलाऊमध्ये हिरवी, कोवळी सुपारी दातांनी फोडतात, दोन फाका करतात. एका फाकेवर पोवळी जाळून केलेला चुना, त्यावर सिगारेटचा एक तुकडा, आणि नागवेलीच्या जातीच्या पानात गुंडाळून गालफडात. सिगारेट ओढायला नाही, चघळायला! दुकानातून पाकीट घेतलेल्या माणसाने त्यातली एकही पेटवली नाही, असं तिथे सहज होतं. आपल्या पानाच्या डब्यातली माणसं सगळी हजर आहेत, फक्त कात गैरहजर.

पापुआ न्यू गिनीत सुपारीला बुआई म्हणतात. तिथे पानाऐवजी त्याच वेलाचा लांबट तुरा चुन्यात बुडवून चावतात आणि चुना गालाच्या एकाच ठिकाणी, ओठाच्या कोपऱ्यापाशी, पुन्हा पुन्हा लागतो. तंबाखू बहुतेक वेळा विड्यात नसते. १९९० च्या दशकात डॉक्टरांनी पाहिलं, की तोंडातल्या गाठी नेमक्या त्याच जागी येताहेत जिथे चुना टेकतो. चुन्याने कातडी सोलवटते, सुपारीतली द्रव्यं त्या जखमेत मुरतात. यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा.

बंदीचं म्हणाल तर २०१३ मध्ये पोर्ट मोर्सबी शहरात बुआईच्या विक्रीवर बंदी आली होती. त्यामागे कॅन्सरपेक्षा रस्त्यावरच्या लाल पिचकाऱ्यांचा त्रास मोठा होता आणि ती टिकली नाही. झाडावर पिकणारी, बाजारात शेकडो बायकांचं पोट चालवणारी वस्तू कागदावर बंद करून बंद होत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि टपरीवर काय मिळतं ते आपण बघतोच.

मार्शल बेटांवर अणुबॉम्बमुळे कॅन्सर पसरला, हे खरं का?

खरं आहे, पण पूर्ण चित्र जरा वेगळं आहे.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने बिकिनी आणि एनेवेटाक या तिथल्या कंकणाकृती प्रवाळबेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातली १ मार्च १९५४ ची 'कॅसल ब्राव्हो' सर्वांत मोठी, १५ मेगाटनांची. अपेक्षेच्या अडीच पट. वाऱ्याबरोबर प्रवाळाची जळलेली भुकटी रोंगेलाप बेटावर येऊन पडली. पांढरी, बर्फासारखी. बर्फ कधीच न पाहिलेली मुलं तिच्यात खेळली. ती पाण्याच्या साठ्यात पडली, अन्नात पडली, केसांत बसली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. १९५७ मध्ये 'आता सुरक्षित आहे' म्हणून त्यांना परत नेलं गेलं. शेवटी १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडलं.

किरणोत्सारी आयोडीन थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं, आणि लहान मुलांची ग्रंथी छोटी असल्याने मारा जास्त. चाचणीनंतर दहाएक वर्षांत रोंगेलापच्या मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. चाचण्यांच्या काळात मार्शल बेटांवर असलेल्या सगळ्या लोकांत, त्यांच्या आयुष्यभरात, या किरणोत्सारामुळे सुमारे १७० जादा कॅन्सर, म्हणजे त्यांना होणाऱ्या एकूण कॅन्सरच्या १.६ टक्के. पण रोंगेलाप आणि शेजारच्या ऐलिंगिनाएवर त्या दिवशी असलेल्या ८२ जणांपुरतं पाहिलं, तर त्यांचे निम्म्याहून अधिक कॅन्सर बॉम्बमुळे. एकाच देशातले दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. अमेरिकेची बाजू घेणारा पहिला सांगतो, रागावलेला दुसरा. मला दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण उरलेले ९८ टक्के कॅन्सर तंबाखू, हेपटायटिस, गर्भाशयमुखाची न झालेली तपासणी अशा ओळखीच्या कारणांचे आहेत, आणि ते आजही टाळता येतील. अर्थात माडाच्या बागा आणि मासेमारीचं पाणी गमावलेल्या लोकांच्या ताटात डबाबंद मांस आणि पांढरा तांदूळ कुठून आला, हेही त्या चाचण्यांपासून फार लांब नाही.

औषधफवारणीमुळे कॅन्सर होतो का?

ग्वादलुप आणि मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांची केस सगळ्यात गाजलेली आहे. हे स्वतंत्र देश नाहीत, फ्रान्सचेच भाग. केळीच्या बागांत सोंड्या किडीसाठी १९७० च्या दशकापासून क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. फ्रान्समध्ये १९९० मध्ये बंदी आली, पण या बेटांना १९९३ पर्यंत सवलत मिळाली. हे रसायन मातीतून जात नाही. आज तिथल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरशी त्याचा संबंध असल्याचं ग्वादलुपमधल्या अभ्यासात दिसलं. मात्र आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा कॅन्सर एरवीही जास्त आढळतो, तेव्हा कशाचा वाटा किती यावर वाद चालू आहे.

लहान समाजात आनुवंशिक कॅन्सर जास्त असतात का?

काही ठिकाणी, हो. थोड्या कुटुंबांपासून वाढलेल्या समाजात एखाद्या पूर्वजाचा जनुकदोष पसरत जातो. बहामाजमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी साधारण चौथ्या भागाला बीआरसीए या, बिघडला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या, जनुकात दोष सापडला, जगात हे प्रमाण इतकं क्वचितच दिसतं. आइसलंडमध्येही बीआरसीए २ मधला एकच ठरावीक दोष कुटुंबाकुटुंबातून आलेला आहे. दोष मोजकेच असल्याने चाचणी स्वस्तात होते. छोटं असण्याचा हा एक फायदा.

लठ्ठपणाचं काय?

टोंगा, सामोआ, कुक बेटं, नाउरू ही नावं लठ्ठपणाच्या जागतिक यादीत कायम वर असतात. मासे, अळकुड्या, नारळ खाणाऱ्या लोकांच्या ताटात इतर देशांनी टाकून द्यायचा माल येऊन पडला: न्यूझीलंडच्या मेंढीच्या पोटाकडची चरबट पट्टी, अमेरिकेतल्या टर्कीच्या शेपट्या. फिजीने २००० मध्ये मेंढीच्या त्या मांसावर बंदी घातली. सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्या बंद केल्या, पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं तर ही बंदी उठवा अशी अट आली आणि सामोआने ती मानली. आरोग्यमंत्र्याच्या हातात किती असतं, हे त्यावरून कळावं.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळता येतो ना? मग तिथे एवढा का?

टाळता येतो हे आइसलंडने फार पूर्वी दाखवलं. १९६४ मध्ये तिथे तपासणी सुरू झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी खाली आले. पण ती पॅप तपासणी. काचपट्टीवर नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, प्रशिक्षित माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, निकाल कळवायचा, बाईला परत बोलवायचं. बाहेरच्या बेटावर राहणाऱ्या बाईसाठी ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. निकाल आला तेव्हा बोट गेलेली असते, पुढची बोट येते तेव्हा ती बाई मुलीच्या बाळंतपणाला दुसरीकडे.

इथे मराठवाडा या गोष्टीत येतो, आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू झाला. काही गटांत पॅप, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, काहींत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी, आणि एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी दिसलं, की एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते, त्यामागे जो पुरावा आहे त्यात भूम-परांड्याकडच्या या बायका आहेत.

एचपीव्ही चाचणीचा बेटांना झालेला फायदा असा, की नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पापुआ न्यू गिनीत ही पद्धत वापरून पाहिली गेली: बाई पडद्याआड जाऊन स्वतः काडी फिरवते, नमुना दवाखान्यातल्याच छोट्या यंत्रात जातो, आणि विषाणू सापडला तर त्याच दिवशी उष्णता देऊन तो भाग जाळून टाकतात. दोनदा बोटीत बसायची गरज नाही.

आणि लस?

एचपीव्हीची लस आधी तीन डोसांची होती, मग दोनची झाली. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एक डोसही चालेल. तीन वेळा शाळेत होडी पाठवणं आणि एकदा पाठवणं, यात अख्ख्या वर्षाचं बजेट इकडचं तिकडे होतं.

एक डोस पुरतो हे कळलं कसं, त्याचीही एक गोष्ट आहे. भारतात बार्शी, पुणे, मुंबई आणि इतर ठिकाणी २००९ मध्ये दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये, वेगळ्याच एका लसीकरण प्रकल्पातल्या मृत्यूंवरून गदारोळ झाला (ते लसीमुळे नव्हते) आणि सरकारने सगळीकडचं एचपीव्ही लसीकरण थांबवलं. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि त्या तशाच राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की घातक विषाणूच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांना मिळालेलं संरक्षण तीन डोसवाल्यांइतकंच होतं, ९५ टक्क्यांच्या घरात.

बेटांवरही लसीबद्दल भीती आहे, आणि तिला कारण आहे. सामोआत २०१८ मध्ये गोवराच्या लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं दगावली. लोकांनी सगळ्याच लसींकडे पाठ फिरवली. पुढच्या वर्षी गोवराची साथ आली, ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. अशा गावात 'तुमच्या मुलीला कॅन्सरची लस देतो' म्हणत जाणाऱ्या नर्सला आधी चटईवर बसून बराच वेळ ऐकून घ्यावं लागतं.

मग माणूस उपचाराला जातो कुठे?

मित्राचा मूळ प्रश्न. शस्त्रक्रिया आणि काही किमोथेरपी राजधानीच्या इस्पितळात होते. अडतं ते रेडिएशनवर, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. प्रशांतातल्या बहुतेक स्वतंत्र बेट राष्ट्रांत त्याचं यंत्रच नाही. यंत्राला जाड काँक्रीटची खोली लागते, न खंडणारी वीज लागते, भौतिकशास्त्रज्ञ लागतो, बिघडलं तर विमानाने येणारा इंजिनिअर लागतो. कोबाल्टचं साधं यंत्र घेतलं तर त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, आणि नवा किरणोत्सारी स्रोत बोटीने मागवावा लागतो. लाखभर लोकांच्या देशाने हे कशाच्या जोरावर करायचं?

म्हणून लोक बाहेर जातात. कुक बेटं आणि नियूएचे लोक न्यूझीलंडचे नागरिक असल्याने तिकडे. मार्शल आणि पलाऊचे हवाई किंवा फिलिपिन्सला. मालदीवचे भारतात आणि श्रीलंकेत. २०१२ पासून चालू असलेल्या 'आसंधा' या तिथल्या सरकारी विमा योजनेत परदेशातली ठरावीक इस्पितळंही आहेत. फिजीचेही बरेच लोक भारतात येतात. सरकारी खर्चाने कुणाला पाठवायचं हे समिती ठरवते आणि बरं होण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याचा नंबर आधी. उशिरा आलेल्याची फाइल तिथेच थांबते. अशा माणसाला मग गरज असते ती मॉर्फिनची, आणि तेही बाहेरच्या बेटावर सहज मिळत नाही.

वादळांचा याच्याशी काय संबंध?

किमोथेरपीचं चक्र तीन आठवड्यांचं असतं, चक्रीवादळाला ते माहीत नसतं. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि समुद्राखालची केबल तुटली. देशाचं जगाशी इंटरनेट जोडायला पाचएक आठवडे लागले. परदेशातल्या तज्ज्ञाला स्लाइडचा फोटो पाठवून सल्ला घ्यायचा, या भरवशावर उभारलेली व्यवस्था अशा वेळी किती दिवस तग धरेल?

मॉरिशसमध्ये आपली माणसं आहेत. तिथे परिस्थिती कशी?

बरीच चांगली. मजूर म्हणून कोकणातून आणि घाटावरून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते. साडेबारा लाखांच्या या देशात सरकारी उपचार मोफत आहेत, रेडिएशन देशातच मिळतं आणि मुलींना २०१६ पासून एचपीव्हीची लस दिली जाते. बायकांत स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. मधुमेहही प्रचंड. तंबाखूच्या बाबतीत मात्र मॉरिशसने भल्याभल्यांना मागे टाकलंय: जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले सगळे उपाय पूर्णपणे लागू करणारे देश २०२३ च्या अहवालात फक्त चार होते, ब्राझील, तुर्की, नेदरलँड्स आणि मॉरिशस. सिगारेटच्या पाकिटावर तिथे आता कंपनीचे रंगही चालत नाहीत.

नोकरीसाठी मालदीव किंवा सेशेल्सला चाललोय. कॅन्सरचा धोका वाढेल का?

नाही, बेटावर राहिल्याने वाढत नाही. जाण्याआधी विम्याच्या कागदात एवढं बघा, की मोठं आजारपण निघालं तर मायदेशी परत येण्याचा विमानखर्च त्यात धरलाय का. आणि मालदीवमध्ये जेवणानंतर पातळ कातरलेली सुपारी, पान, चुना, लवंग असं तबक पुढे येईल. तेव्हा लवंग उचला.